आक्काची लिनक्सवरची शेती

"आक्का गेली..." एवढंच बोलून भावजींनी फोन ठेवला. मी जव्हारला कचेरीत होतो, समोरचा चहा तसाच राहिला. त्याला आता दीड महिना होईल. रडून झालं, दिवसकार्य झालं, आणि गंमत बघा, आक्का आठवली की हल्ली हसूच येतं. माझी ही थोरली बहीण साखरशेत या भातशेतीच्या गावात संगणकावर शेती करायची.

त्याचं असं झालं. मांडीचं हाड मोडल्यावर डॉक्टरांनी तिला चिखलात उतरायची कायमची बंदी केली. जमीन दुसऱ्यांना वाट्याने दिली. आक्का ओटीवर बसून त्यांची लावणी बघायची आणि पानावरून दोन घास खाऊन उठायची. "एक डाव तरी माझ्या हातानं पेरू दे रं," एवढं एकच तिचं मागणं. ते पुरवणं आम्हा कुणाच्या हातात नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटे. मग एकदा शेतीचा एक गेम पाहण्यात आला.

माझ्या जुन्या लॅपटॉपला नवी विंडोज झेपेना, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकलेली. लिनक्सवर गेम चालत नाहीत, ही माझी पक्की समजूत. ती सपशेल चुकीची निघाली. गेमच्या दुकानाचं ॲप लिनक्सवरही येतं, त्याच्या सेटिंगमध्ये एका चौकोनात टिक केली की विंडोजसाठी बनवलेले गेमसुद्धा बरेचसे चालतात. लॅपटॉप आक्काकडे नेला. ॲप टाकताना टर्मिनलने, म्हणजे आज्ञा लिहायच्या त्या काळ्या खिडकीने, पासवर्ड मागितला. मी अक्षरं सांगतोय, आक्का बटणं दाबतेय आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. "बटणांना ओल लागली तुझ्या," म्हणत ती लॅपटॉप चुलीपाशी शेकायला निघाली! तिथे पासवर्ड दिसतच नाही, हे पटवता पटवता मला घाम फुटला. पुढे गेम लावला तर पडदा काळाठिक्कर. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, नवा टाकला तेव्हा कुठे हिरवं रान उघडलं. आक्काने लगेच पेरायला घेतलं.

पहिल्याच हंगामात मका भरून आला, पण बाई कापेनात. "नवं केल्याबिगर कणसाला हात लावायचा नाय." नवं म्हणजे नव्या धान्याचा पहिला घास देवाला, आणि ते चांगला वार बघून. गेमला वार कुठून कळणार! हंगाम पालटला, उभा मका वाळून गेला. मी कपाळाला हात लावला, भावजींची हसून मुरकुंडी वळली. पुढच्या खेपेला आक्काने वेळेत लॅपटॉपसमोर दिवा लावला, चिमूटभर तांदूळ वाहिले आणि मग कापणीचं बटण दाबलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. नंतर रोजच जेवू लागली.

परवा भावजींनी लॅपटॉप माझ्याकडे आणून दिला. "त्यातलं तिचं काय पुसू नको हां," म्हणाले. मी गेम उघडला. आक्काचं शेत नांगरलेलं होतं, सरळ ओळींत बी टाकलेलं. जायच्या आधी ती पेरणी करून गेली होती...

मी पाणी घातलं.