विमान धुणारी गोजरबाई

मलकापूरच्या बाहेर गायरानावर मुरूम दाबून धावपट्टी तयार झाली आणि ‘पूर्णा एअर’ नावाची कंपनी आपले एकुलते एक विमान घेऊन तिथे उतरली, तेव्हा अर्धे गाव बघायला लोटले होते. गोजरबाई गेली नव्हती. तिला ते विमान दिसले आठ दिवसांनी, आणि तेही आतून. मुंबईहून आलेल्या एका कापूसवाल्या शेठने पोटातले सगळे आतच ओकून ठेवले होते, आणि ते पुसायला कोणी धजत नव्हते.

गोजरबाई दुसरबीडची लेक. नवरा उकंडराव कापूसबाजारात हमाल. त्यानेच कंपनीचे मॅनेजर हिंमतराव यांच्याकडे शब्द टाकून तिला कामाला लावले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाईचे नशीब उघडले, विमानाच्या नोकरीला लागली. नशिबात होती एक बादली, चिंध्या आणि फिनेलची बाटली.

विमान लहानसे, एका पंख्याचे, सहा खुर्च्यांचे. लग्नसराईत कापसाच्या जिनिंगचे मालक ते भाड्याने घेत, निवडणुकीत पुढारी. जमिनीवर कडक इस्त्रीत वावरणारी ही माणसे वर गेली की काय होत, ते फक्त गोजरबाईला ठाऊक. खुर्चीच्या मागे पानाच्या पिचकाऱ्या, फटीत कोंबलेले उष्टे द्रोण. एका पुढाऱ्याने तर आपली ओकारी टोपीत धरली, टोपी खुर्चीखाली सारली आणि खाली उतरून बोडक्या डोक्याने हार घालून घेतले. गोजरबाईने ती टोपी काठीने उचलून बाहेर काढली तेव्हा समोर टाळ्या चालू होत्या.

पण ओकारी माणसाची असते, धुतली की जाते. पावसाळ्यात यायची ती घाण वेगळी. कपाशीवर अळी पडली की विमानातल्या खुर्च्या निघत आणि त्या जागी पत्र्याची मोठी टाकी बसे. टाकीत एंड्रिन, अळी मारायचे औषध. दिवसभर कपाशीवर फवारा मारून विमान परतले की टाकी धुवायची, आणि ते दुधाळ पाणी शेडमागच्या खड्ड्यात सोडायचे. त्याचा वास रॉकेलसारखा, पण खाली काहीतरी कुजल्यासारखा. राखेने घासले, कडुनिंबाचा पाला चोळला, तरी हाताचा वास जाईना. उजवा हात तोंडाजवळ नेला की तिला मळमळे, म्हणून ती डाव्या हाताने जेवू लागली. ते बघवत नसे म्हणून सासू जनकाबाई जेवताना तिच्याकडे पाठ करून बसे. कंपनीचा फिटर सईद याने तिला आपले जुने रबरी हातमोजे दिले आणि बजावले, की भाभी, हे औषध नाही, जहर आहे. मोजे दोन्ही अंगठ्यांत फाटलेले होते.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या सत्यभामाबाईची म्हैस त्या खड्ड्यावर पाणी प्यायली. तोंडाला फेस आला, पाय झाडले आणि गोठा गाठायच्या आत आडवी झाली. हिंमतरावांनी साप चावला असे सांगितले आणि पंचनाम्यात सापच लिहिला गेला. गोजरबाईने म्हैस खड्ड्यात तोंड घालताना डोळ्यांनी पाहिली होती. तिला कोणी विचारले नाही आणि नोकरीच्या भीतीने तीही बोलली नाही. सत्यभामाबाई रोज दारावरून जाताना हाक मारी. गोजरबाई मान खाली घाली. लोकांची ओकारी काढताना आली नव्हती तेवढी किळस तिला स्वतःची आली.

तिसऱ्या वर्षी भादव्यात पूर्णेला पूर आला. नदीकाठची दोन गावे तीन दिवस पाण्याने वेढलेली होती, माणसे देवळाच्या छतावर बसलेली. मलकापुरातल्या बायकांनी वकिलांच्या सुभद्राबाईंच्या अंगणात चुली मांडल्या आणि दशम्या, फुटाणे, गूळ यांची पुडकी बांधून चौदा पोती भरली. ती वरून टाकायला पूर्णा एअरने विमान फुकट द्यायचे कबूल केले. हिंमतरावांनी फोटोवाल्यालाही बोलावले.

आदल्या दिवशीपर्यंत फवारा चालू होता. टाकी पहाटे काढली. गोजरबाईने तळाच्या फळ्या दोनदा साबणाने घासल्या, पण फळ्यांनी दोन वर्षे जे पिऊन ठेवले होते ते घासून निघणारे नव्हते. पाणी पडले की फळीच्या सांध्यांतून दुधाळ फेस वर येई. तिने हिंमतरावांना सांगितले, की अजून एक दिवस द्या, नाहीतर खाली पत्रा टाका. ते म्हणाले, फोटोवाला दुपारच्या गाडीने परत जाणार आहे.

पोती विमानात चढवली गेली. शेवटचे पोते आत सारताना गोजरबाईचा हात खालच्या पोत्याला लागला. ते ओले होते. तिने बोटे नाकाशी नेली आणि तिथेच विमानाच्या दारात बसून राहिली.

“साहेब, पोत्यायले औषध लागून राह्यलं,” ती म्हणाली. “हे खाल्लं त मरतीन लोकं.”

हिंमतरावांनी आजूबाजूला पाहिले, पुढे झाले आणि आवाज न चढवता म्हणाले, “तीन दिवसांच्या उपाशी माणसाले वास येत नाही. तू उतर खाली.”

सईद ऐकत होता. विमान चालवणारा कॅप्टनही ऐकत होता. त्याने सिगारेट पेटवली आणि पंखाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. गोजरबाई उतरली, पण एक पोते ओढत. मग दुसरे. हिंमतरावांनी सईदला तिला धरायला सांगितले, तर त्याने तिसरे पोते खांद्यावर घेतले. दोघांनी चौदाच्या चौदा पोती शेडमागे नेली. गोजरबाईने विळ्याने शिवण फाडली आणि सगळे अन्न खड्ड्यात लोटले. कोणते पोते कोरडे, कोणते ओले, हे निवडत बसायला तिला वेळ नव्हता.

विमान बघायला आलेल्या बायकांनी हे रस्त्यावरून पाहिले. रात्रभर भाजलेल्या दशम्या चिखलात गेलेल्या पाहून त्या धावत आल्या. एकीने गोजरबाईचे केस धरले, एक तिच्या अंगावर थुंकली. सुभद्राबाईंनी सगळ्यांना मागे सारले आणि विचारले, “काऊन केलं हे?”

गोजरबाईने एक पुडके उचलून त्यांच्यासमोर धरले. “घ्या बाई वास.”

सुभद्राबाईंनी वास घेतला. त्यांनी पदर तोंडाला लावला, वळून हिंमतरावांकडे एकदा पाहिले, आणि बायकांना घेऊन निघून गेल्या. त्या दुपारी त्यांच्या अंगणात पुन्हा चुली पेटल्या, आणि दुसऱ्या दिवशी भोयांच्या डोंग्यांतून अन्न गावांत पोचले. मात्र खड्ड्यात अन्न का गेले, हे सुभद्राबाईंनी गावात कोणालाही सांगितले नाही. त्यांचे वकील यजमान कंपनीचे काम पाहत होते.

विमान त्या दिवशी उडालेच. हिंमतराव, फोटोवाला आणि एक पुढारी पुरावरून दोन घिरट्या घालून आले. छतावरच्या लोकांनी हात हलवले. वरून काही पडले नाही. तरी चार दिवसांनी पेपरात फोटो आला आणि खाली छापले होते, की पूरग्रस्तांना विमानातून अन्नवाटप.

गोजरबाईची आणि सईदची नोकरी गेली. सईद भुसावळला निघून गेला. गोजरबाई मात्र ‘अन्न मातीत घालणारी’ म्हणून गावभर ओळखली जाऊ लागली. नळावर बायका तिच्या घागरीला घागर लागू देत नव्हत्या. घरी उकंडराव दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात एका अडत्याने हेच नाव घेऊन त्याला डिवचले, तेव्हा त्याने पाठीवरचे ओझे तिथेच टाकले आणि अडत्याची गचांडी धरली. त्याच संध्याकाळी गोजरबाई सत्यभामाबाईकडे गेली आणि म्हशीचे खरे सांगितले. सत्यभामाबाईने ऐकून घेतले, आणि पुढे वर्षभर तिच्याशी बोलली नाही. गोजरबाईला तो राग बरा वाटला. तो तिच्या हक्काचा होता.

दोन वर्षांनी विमानाचे चाक मुरमात रुतून पंख मोडला आणि कंपनी गेली. गोजरबाईने तोवर भाजीची टोपली डोक्यावर घेतली होती. पहाटे वाफ्यावरून मेथी आणून ती स्टेशनाजवळ विकायची.

पुढे जिल्हा परिषदेला हिंमतराव उभे राहिले. हात जोडत गल्लोगल्ली फिरताना ते तिच्या दारातही आले. ती मेथी निवडत होती. ओळख दाखवून त्यांनी विचारले, “गोजरबाई, बरं चाललं ना?”

तिने मान वर केली. “पुरात काय टाकलं होतं हो तुमी विमानातून?”

ते हसले, बरोबरच्या लोकांना म्हणाले, म्हातारीला जुने दिवस आठवतात, आणि पुढच्या दाराकडे वळले. गोजरबाई तेव्हा चाळिशीचीही नव्हती.

हिंमतराव निवडून आले. पेपरात त्यांची माहिती आली त्यात पुराच्या वेळचे कामही होते. उकंडरावने ते कोणाकडून तरी वाचून घेऊन तिला सांगितले. तिने ऐकले, आणि सडलेली पाने बाजूला काढून चांगल्या जुड्या बांधत राहिली.