मावशीच्या नावापुढची खूण

देवाचा कौल म्हणजे मूर्तीला लावलेल्या ओल्या पाकळ्या... सुकल्या की पडणारच, ‘नाही’ म्हणणाऱ्या डाव्या काय नि ‘हो’ म्हणणाऱ्या उजव्या काय! पन्नाशी उलटेपर्यंत मी हेच म्हणत आलो. तरीही हे लिहितोय, कारण घरात सांगायची हिंमत नाही.

वेंगुर्ल्यात मी वेबसाइट बनवून देतो. एका मच्छीमार सोसायटीने मासे विकणाऱ्या बायकांसाठी माझ्याकडून ऑनलाइन फॉर्म करून घेतला. शेवटी एक चौकोन होता – ‘धक्क्यावरची जागा सोडण्यास संमती आहे.’ सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, “टिक आधीच असू दे. कुणाला काढता येता कामा नये.”

मी तसंच केलं. चौकोन टिक करून डिसेबल केला, म्हणजे कुणाला बदलता येणार नाही असा. डिसेबल केलेला चौकोन फॉर्मबरोबर पुढे जात नाही, म्हणून जावास्क्रिप्टने त्याची स्थिती वाचून वेगळी पाठवली. ती नेहमी ‘ट्रू’, म्हणजे ‘हो’च येणार होती.

फॉर्म भरायला मावशी आली. आईमागे मला तिनेच वाढवलं. तिला वाचता येत नाही.

“बाबल्या, कौल लावन इलंय. देवान डावो दिल्यान. माका जागा सोडूची नाय. तुझ्या ह्या डब्यात देवाचा ऐकतत मगे?”

“ऐकतत गो. नाय म्हणान घातलंय,” मी म्हणालो... आणि टिक केलेला फॉर्म पाठवून दिला.

दुपारी यादी छापली. सगळ्या बायकांपुढे ‘ट्रू’. फक्त मावशीपुढे ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’!

कोड ओळ न् ओळ तपासला. ‘फॉल्स’ येण्याची वाटच नव्हती. तिचीच माहिती पुन्हा पुन्हा भरून पाहिली – दर वेळी ‘ट्रू’. यादीत मात्र ‘फॉल्स’ तसंच.

तेवढ्यात अध्यक्ष आले. यादीवर बोट ठेवून म्हणाले, “हे काय? सगळ्यांची संमती हवी. एक जरी नाही आली तर धक्क्याचं काम अडेल.”

मी कीबोर्ड ओढला आणि मावशीपुढचं ‘फॉल्स’ पुसून हाताने ‘ट्रू’ लिहिलं.

आता बायका रस्त्यामागच्या शेडमध्ये बसतात. तिकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. परवा मावशीकडे गेलो, तर तिने माझ्यासाठी दोन बांगडे बाजूला काढून ठेवले होते.

“त्येंनी फसवल्यानी रे,” ती म्हणाली. “तू घातलंलस ता बरोबरच आसतला.”

ते ‘फॉल्स’ कुठून आलं, मला आजही माहीत नाही. ‘ट्रू’ कुणी लिहिलं ते मावशीला माहीत नाही.