एक्स-रेच्या खोलीबाहेरची मुलगी

१९६० सालच्या सुमारास बंगळूरच्या एका इस्पितळात, एक्स-रेच्या खोलीबाहेर, ती माझ्या शेजारी बसली होती. बावीसेक वर्षांची. पदर बोटाला गुंडाळायची, सोडायची.

"वडील आणि थोरला भाऊ मूत्रपिंडातल्या गाठींनीच गेले, अण्णा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. मलाही तेच आहे का, ते आज कळेल."

"मुलाकडच्यांना सांगितलंय?"

"आईला लग्नाआधी वडिलांच्या घरातल्या या आजाराचं कुणी सांगितलं नव्हतं. तिचा तो राग अजून गेलेला नाही. आणि तीच मला म्हणते, गप्प राहा."

तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक्स-रेचं पाकीट होतं.

"आहे," ती म्हणाली. "स्वल्प, जरा फाटकापर्यंत येता? त्यांना मीच बोलावलंय."

फाटकाशी तिचा होणारा नवरा सायकल धरून उभा होता. मी जरा मागेच थांबलो. ती बोलत राहिली, तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्यानं तिच्या हातातलं एक्स-रेचं पाकीट घेऊन कॅरियरला लावलं, आणि दोघं चालतच मल्लेश्वरमच्या रस्त्याला लागले.

लग्न झालं का, मला कळलं नाही. तिच्या जागी मी असतो, तर आईचंच ऐकलं असतं.