हातात काम दिसावे

आमच्या कॉलेजच्या वेबसाइटची नियमावली मी लिहिली आहे. हे मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. नांदेडच्या स्टाफरूममध्ये, गावाकडच्या लग्नात, कुणी विचारलं नसलं तरी. आता कुणी विषय काढला की मीच दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

मी संगणकशास्त्र शिकवतो, त्यामुळे कॉलेजात प्रिंटर अडकला तरी मलाच हाक मारतात. वेबसाइट माझ्या गळ्यात पडली ती अशीच. तेव्हा तिची अवस्था बघण्यासारखी होती. पोपटी पार्श्वभूमी, वरून सरकत जाणारी लाल अक्षरं, संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसांचे केक आणि एका विभागप्रमुखांच्या मुलाचं दहावीतल्या यशाबद्दल अभिनंदन. प्रवेशाची माहिती शोधायला जावं तर केक यायचा. रोज कुणीतरी येऊन सांगायचं, सर, एवढं जरा टाकून द्या. दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी यायचं, सर, ते जरा काढून टाका. मी मुळात तापट माणूस. काही महिने दातओठ खात सगळ्यांचं ऐकलं आणि मग दिवाळीच्या सुट्टीत बसून नियमच लिहून काढले.

विभागप्रमुखांच्या सहीशिवाय कुठलंही पान चढणार नाही. मजकूर युनिकोडमध्येच द्यावा. वाढदिवस, सत्कार, वैयक्तिक अभिनंदन चालणार नाही. फोटोवर जागेचं नाव आणि तारीख उमटलेली असावी, माणसांचे चेहरे स्पष्ट असावेत आणि 'हातात काम दिसावे'. हे शेवटचे शब्द खास माझे. लातूरला एका कार्यशाळेत एका तज्ज्ञांनी सांगितलं होतं की तपासणीला येणारी समिती पुरावा बघते, रांगेत उभं राहून काढलेले फोटो हा काही पुरावा नव्हे. मला ते इतकं पटलं की परतीच्या बसमध्येच मी ते मोबाइलवर टिपून घेतलं. आणि सगळ्यांत कडक नियम असा की एकदा चढवलेलं पान कॉलेजच्या वेबसाइट समितीच्या ठरावाशिवाय काढलं जाणार नाही. हा नियम लागू झाला आणि माझ्या खोलीबाहेरची वर्दळ आटली. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं आणि घरी जाऊन बायकोला शब्द न् शब्द सांगितला.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या तपासणीचं ठरलं आणि सगळ्या योजनांची पानं घाईघाईने तयार करायची वेळ आली. त्यात 'कमवा आणि शिका' योजनेचंही पान होतं. या योजनेत मुलं तास संपल्यावर कॉलेजातच काहीतरी काम करतात आणि त्याचं मानधन घेतात. आमच्याकडे त्यात एक मुलगी होती, उमरी तालुक्यातल्या एका गावची, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, माझ्याच वर्गात. वडील एसटीत कंडक्टर, घरात शिकणारी आणखी दोन भावंडं. ही ग्रंथालयात नव्या पुस्तकांना बारकोड चिकटवायची. चिकटवताना एकही पट्टी वाकडी जायची नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि शंका विचारायला तास संपायची वाट बघायची.

फोटो काढायला मी ग्रंथालयात गेलो तेव्हा ती टेबलाशी बसून तेच काम करत होती. मी मोबाइलमधून बघितलं. खाली वाकलेली एक मुलगी आणि पुस्तकांचा ढीग. चेहरा दिसेना, काम तर त्याहून दिसेना. अभ्यास करत बसलीय असंच कुणीही म्हणालं असतं. मी इकडेतिकडे बघितलं. दाराच्या मागे शिपाई मामांचा लांब दांड्याचा झाडू उभा होता. मी तो उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणालो, उभी राहा, झाडतेयस असं दाखव, माझ्याकडे बघ.

तिने झाडू घेतला, पण जमिनीला टेकवला नाही.

"सर, पुस्तकं धरून उभी राहिले तर चालणार नाही का?"

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मी नियमातल्यासारखा स्पष्ट चेहरा टिपला. खाली जागा, तारीख आपोआप उमटली. संध्याकाळपर्यंत पान चढलं. फोटोखाली तिचं पूर्ण नाव, वर्ग आणि 'कमवा आणि शिका योजनेत श्रमदान करताना विद्यार्थिनी' अशी ओळ. प्राचार्य म्हणाले, असा पुरावा पाहिजे. मी खूश.

पुढच्या महिन्यात ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी दारातच. तिच्या गावातल्या कुणीतरी ते पान बघितलं होतं आणि फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. खाली लोकांनी हसण्याची चित्रं टाकली होती. कुणी लिहिलं होतं, शिकायला नांदेडला गेली आणि काम जुनंच करायला लागली. ती हे सगळं अगदी सपाट आवाजात सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाचं. वडील फोनवर बोलत नाहीत, म्हणाली. तो फोटो तिथून काढून टाकाल का सर, म्हणाली.

मी तिला नियम सांगितला. चढलेलं पान ठरावाशिवाय काढता येत नाही, वेबसाइट समितीची बैठक तपासणीनंतर, शिवाय त्या पानाचा दुवा अहवालात गेलेला आहे, आता पान गायब झालं तर पुरावाच गायब. मला वाटतं मी तिला हे सगळं समजावून सांगताना थोडा चिडलोही होतो. आज हिच्यासाठी काढला तर उद्या केकवाले येतील, असं माझ्या डोक्यात चाललं होतं. ती हो सर म्हणून गेली.

आठवडाभरात तिचे वडील आले. पांढरा शर्ट, काखेत चामडी बॅग, पन्नाशीच्या पुढचा माणूस. मी खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. त्यांनी पाणी घेतलं नाही. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं, कारण चिडलेल्या माणसाशी मला नीट भांडता येतं. ते अगदी हळू बोलले.

"सर, माझा आजा गावाची झाडलोट करायचा. धर्म बदलला त्या दिवशी त्यानं झाडू टाकला. तवापासून आमच्या घरातल्या कुणी दुसऱ्याच्या दारात झाडू धरला न्हाई. तुमी माझ्या पोरीच्या हातात दिला, अन् वर साऱ्या गावाला दाखवून राहिले."

मी म्हणालो, तसा काही हेतू नव्हता. ते म्हणाले, हेतूचं मी बोलून नाही राहिलो, फोटोचं बोलून राहिलो. मी पुन्हा नियमावर आलो. तेव्हा त्यांनी विचारलं, नियम कुणी केला? मी म्हणालो, कॉलेजचा आहे.

हे उत्तर देताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. ते उठले आणि म्हणाले, फोटो तिथं हाय तोवर पोरगी इथं शिकणार न्हाई. मी खिडकीतून बघितलं. ती बाहेर कडुनिंबाखाली होस्टेलचं सामान घेऊन उभी होती. एक ट्रंक, एक गादीची वळकटी आणि पुस्तकांची पिशवी. म्हणजे ते ठरवूनच आले होते आणि माझ्या एका शब्दाने ते सामान परत वर गेलं असतं. मी तो शब्द बोललो नाही. रिक्षा आली, गेली.

मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, अहो, तपासणी होऊ द्या, मग बघू. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आता दोष एकट्याचा राहिला नाही असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला बाक रिकामा होता आणि मला फळ्याकडे तोंड करून बराच वेळ लिहीत राहावं लागलं.

त्या शनिवारी मी गावी गेलो, शिरूर अनंतपाळजवळ. आमची शेती आहे, थोरला भाऊ बघतो. सकाळी ओसरीवर चहा घेत बसलो होतो आणि वहिनी अंगण झाडत होती. माझ्या लहानपणी हे अंगण वहिनी किंवा आई झाडत नव्हती. गावाच्या त्या टोकाकडून एक बाई यायची. झाडून झालं की तिला चहा मिळायचा आणि तिची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची. ती कपबशी मीच काढून द्यायचो, कारण तिच्यापर्यंत धावत जायला मला आवडायचं. तेव्हा झाडू म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची माझी सोय नाही. त्या मुलीने 'पुस्तकं धरू का' विचारलं तेव्हा तिला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं. कळलं होतं आणि तरी मी दोन मिनिटं म्हणालो. चहा तसाच गार झाला. वहिनीने विचारलं, भाऊजी, साखर कमी पडली का?

नांदेडला परतल्यावर मी माझीच नियमावली उघडली. त्यात दुरुस्तीचा नियम होता. पानाचा पत्ता तोच ठेवून चित्र बदलता येईल, त्यासाठी ठरावाची गरज नाही, वेबसाइट सांभाळणाऱ्याने आपल्या अधिकारात बदलावं. वेबसाइट सांभाळणारा म्हणजे मी. हा नियम मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. मीच लिहिला होता. तो मला सुचला नव्हता असं नाही, तो वापरावासा वाटला नव्हता. आपण घालून दिलेली शिस्त एका पोरीच्या सांगण्याने वाकवायची नाही, एवढाच माझा हट्ट होता आणि त्यापायी तिचं कॉलेज सुटलं.

तिचा फोटो मी पानावरून लगेच काढून टाकला. आता त्या जागी काय लावायचं? मला एक गोष्ट सुचली आणि सुचल्याबरोबर ती बरोबर आहे हेही कळलं. मी ग्रंथालयात गेलो, दारामागचा तोच झाडू घेतला आणि शिपाई मामांना म्हणालो, माझा फोटो काढा. मामा आधी हसले, मग माझा चेहरा बघून त्यांनी मोबाइल हातात घेतला. मी झाडू जमिनीला टेकवला, त्यांच्याकडे बघितलं. फोटो चांगला आला. श्रमदान करताना प्राध्यापक, अशी ओळसुद्धा तयार होती.

खोलीत येऊन बसलो. मग मला आमच्या भावकीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठवला. सासरवाडीचा आठवला. थोरला भाऊ पारावर बसलेला दिसला आणि त्याच्यापुढे कुणीतरी मोबाइल धरलाय असंही दिसलं. खाली हसण्याची चित्रं. मी बोट बटणावर ठेवून बसलो होतो ते मागे घेतलं. मग पुस्तकांच्या रॅकचा एक फोटो शोधला, त्यात माणूसच नाही, आणि तो लावून टाकला. स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि तरी मी तो बदलला नाही.

तपासणीची समिती आली, दोन दिवस राहिली, जेवली, सही करून गेली. ते पान त्यांनी उघडलंच नाही.

त्या आधीच मी मुलीच्या वडिलांना फोन केला होता. फोटो काढून टाकलाय, म्हणालो, मुलीला पाठवा, हजेरीचं मी बघतो. ते म्हणाले, बघितलं सर, आमी रोज बघून राहिलो. तिचं नाव आता उमरीच्या कॉलेजात घातलंय, तिथंच शिकेल. मी काही बोलावं म्हणून बोलत राहिलो. मग त्यांनी विचारलं, तिच्या जागी कुणाचा टाकला? मी म्हणालो, कुणाचाच नाही, नुसती पुस्तकं आहेत.

ते म्हणाले, "म्हंजे कुणाचा नसता तरी चाललं असतं."

मी हो म्हणालो. फोन त्यांनीच ठेवला.

माझा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. पुसला नाही, चढवलाही नाही. कधीतरी काढून बघतो. जागा, तारीख उमटलेली आहे, चेहरा स्पष्ट आहे, हातात काम दिसतं. नियमात अगदी बसतो.