हळदीचे बटण

सिंदी रेल्वे या गावच्या बाजारात, कापसाच्या गाड्या उभ्या राहत त्या रस्त्याला, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसत. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. आई गेल्यावर आमचा दोन कॅसेटींचा मोठा टेप मुका झाला होता, आणि त्याच्यासोबत बाबाही. "अगदी नव्यासारखा करून द्या," असे सांगून मी समोरच्या बाकावर बसले.

गाडीतून सांडलेला कापूस ते उचलत, त्यातली सरकी काढत, काडीला गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवत आणि तान्ह्या बाळाचा कान पुसावा तसे टेपचे हेड पुसत. स्पिरिटच्या थंड वासात जुन्या धुळीचा उबदार वास मिसळला होता. एकेक बटण पांढरे होत गेले. शेवटच्या बटणावर मात्र त्यांचा हात थांबला.

"हे पिवळं कायचं होय, ताई?"

"हळद. फोडणी टाकली की आई त्याच बोटानं गाणं लावायची."

"आता नाई लावत?"

"आता ती नाही. टेप बाबांसाठी नेते आहे."

त्यांनी काडी खाली ठेवली. "मंग हे राहू द्या. पुसलं तं बाबा तुमाले नाई, मले शिव्या देतीन."

'नव्यासारखा' हा माझाच शब्द मला टोचला.

घरी बाबांनी टेप मांडीवर घेतला. गाणे लागायला बराच वेळ गेला. त्यांचे बोट त्या पिवळ्या बटणावर नुसतेच टेकून राहिले होते.