खडक फोडायचे घण

परवा वसईच्या बाजारात एका दुकानाबाहेर नुकतेच तासलेले बाभळीचे दांडे उभे होते. त्या ओलसर वासाने मला वीसेक वर्षांमागच्या लोहाराच्या भट्टीपाशी नेलं.

चांदीपला आमच्या टेकडीवरच्या झऱ्याची पायवाट दरड कोसळून बुजली होती. चंदनसारला नव्याने राहायला आलेले सावंत दर रविवारी तिथे फिरायला यायचे. "वाट मिळून करू, अवजारं मी घेऊन देतो," ते म्हणाले. आसपासच्या टेकड्यांवर तेव्हा प्लॉट पडत होते. सासूबाईंना ते फुकटचं देणं लगेच खटकलं.

लोहाराकडे त्या एकेक कुदळ उचलून तिचा दांडा जमिनीवर आपटून बघत होत्या. सावंतांनी मात्र मोठाले घण बाजूला काढले.

"एवढे घन कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"वाटेतला तो मोठा खडक फोडायला."

"पायी चालनारा खडकाला वळसा घालतो, भाऊ. फोडतात तो गाडीसाठी. वर जागा बघितली काय?"

सावंतांचा चेहरा उतरला. त्यांनी घण परत ठेवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाट आम्ही कुदळ-फावड्यांनीच केली, खडकाला वळसा घालून. सावंत रोज आमच्याबरोबर घमेली वाहत होते आणि सासूबाई रोज त्यांच्यावर नजर ठेवून होत्या. जागेचा विषय सावंतांनी कधीच काढला नाही. माणूस भलाच असावा. पण शेजारच्या टेकडीवर गाडीरस्ता झाला आणि मागोमाग इमारती चढल्या. आमच्या झऱ्यावर अजून पायीच जावं लागतं. सासूबाई चुकल्या, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.