लीग जिंकल्यावर लग्न

एवारिस्तोने मला मागणी घातली आणि त्याच दमात लुहानच्या देवळातल्या मारियामातेला नवस बोलला: आपल्या वस्तीचा फुटबॉल क्लब सोल दे बार्राकास लीग जिंकला की लग्न, त्याआधी नाही. झालं! नवस मोडला तर क्लबला शाप लागेल म्हणून अख्खी वस्ती माझ्यावर पहारा ठेवून बसली. खाटीक कायेतानो तर मांस तोलता तोलता दटावायचा, "इर्मा, घाई करू नकोस हं! क्लबचं वाटोळं करशील."

एवारिस्तो माणूस वाईट नाही. बेकरी चालवतो. दर रविवारी उरलेल्या मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीसारखे गोड पाव, घेऊन माझ्या आईकडे राव्हिओली खायला यायचा. आई गेली तरी यायचा.

मला फुटबॉलचं काडीचं प्रेम नाही, पण नियम तोंडपाठ. काय करणार? माझं लग्न त्यात अडकलेलं! आधी गट असायचे. गटात पहिले आलो, पुढच्या फेरीत आपटलो. मग वर्षभराची एकच लीग आली, त्यात दुसरे. मग एक वर्ष बरोबरी झाली की जादा गुणासाठी पेनल्ट्या, आणि आमचे खेळाडू चेंडू आभाळात मारणारे. मग वर्षाचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा जिंकलो, मी लग्नाच्या झग्याला इस्त्री केली, तर म्हणे दुसऱ्या तुकड्याच्या विजेत्याशी अंतिम सामना बाकी आहे. तोही घालवला. आग लागो त्या नियमांना!

दर वेळी एवारिस्तो कणीक आपटत लीगवाल्या साहेबांचा उद्धार करायचा. "नियम बदलून बदलून आपलं लग्न खाल्लं मेल्यांनी!" मला त्याचीच दया यायची.

पुढच्या हंगामात पुन्हा नियम फिरला. अंतिम सामना रद्द, अर्ध्या वर्षाचा विजेता तोच चॅम्पियन. शेवटचा सामना उरला तेव्हा आम्ही अव्वल, बरोबरीसुद्धा पुरणार होती. गल्लीत ढोल वाजत होते. मी धावत बेकरीत गेले, तर एवारिस्तोचा चेहरा पांढराफटक.

"अर्धं वर्ष खेळून कसला चॅम्पियन?" तो म्हणाला. "नवस पुऱ्या वर्षाचा होता."

"बोलताना असं कुठे म्हणालास?"

"मारियेला कळतं गं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "रविवारी हरलो तर तुला बरं वाटेल, हो ना?"

त्याने माझ्यासाठी मातेचा कडू चहा भरला, प्यायची नळी माझ्याकडे वळवली. पण नाही म्हणाला नाही. मी तो घेतला नाही.

रविवारी क्लब जिंकला. कायेतानो रडत रडत माझ्या गळ्यात पडला, "इर्मा, झालं गं! आता लग्न!"

"कुणाचं?" मी विचारलं.